खालची खोली

कारंजा लाडच्या जुन्या जिनिंग कारखान्यात त्या रविवारी सकाळी सगळ्यांनी हात वर केले. साधनाबाईने केला नाही.

सभा सरकीच्या रिकाम्या गोदामात भरली होती. भिंतीवर पांढरी चादर ताणून तिच्यावर नव्या जिनिंगचं चित्र पाडलं होतं. मधोमध चौक, चौकाभोवती दुकानं, दुकानांवर घरं, घरांच्या गॅलऱ्यांना वेलींची सावली. चित्र इतकं देखणं होतं की बायकांनी आपापल्या गॅलऱ्या वाटूनही घेतल्या होत्या.

"साधनावहिनी, तुमचा हात?" भागवतने विचारलं. तो संस्थेचा अध्यक्ष. त्याचं बी-बियाण्यांचं दुकान जिनिंगच्या तोंडाशीच होतं.

"माहा नाही."

"नाही म्हनजे?"

"मले पटत नाही."

"काय पटत नाही थे तं सांगा."

"पटत नाही म्हनलं ना," असं म्हणून ती उठली आणि भाजी गॅसवर आहे या सबबीवर निघून गेली.

जिनिंग बंद पडून बराच काळ झाला होता. यंत्रं भंगारात गेली, पण कामगारांसाठी बांधलेल्या दोन चाळी राहिल्या. खाली दुकानं, वर राहायच्या खोल्या. मालकाच्या वारसांकडून रहिवाशांनी संस्था काढून ती जागा घेतली, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता निवांत झालं. पण गेल्या पावसाळ्यात एका चाळीची मागची भिंत बसली. सुदैवाने तिथे कोणी नव्हतं. मग सगळं पाडून नव्याने बांधायचं ठरलं, आणि एक गोष्ट संस्थेनंच पहिल्या बैठकीत ठरवली: एकही घर नाराज ठेवून काम सुरू करायचं नाही. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. साधनाबाईनेही.

चित्र करणारी स्नेहा नागपूरच्या एका वास्तुरचनाकारांच्या कचेरीत होती. मूळची केनवडची, तिथल्या धम्मपाल मास्तरांची मुलगी. ती हाताने एक नकाशा काढून आणणाऱ्यांतली नव्हती. ती संगणकाला अटी सांगायची. दुकानं किती, घरं किती, मे महिन्याच्या दुपारी चौकात सावली हवी, पश्चिमेचा वारा अडू नये, छपरांवरचं पाणी जुन्या विहिरीत जावं, जुन्या विटा आणि सागवान जमेल तेवढं परत वापरावं. मग संगणक एकामागून एक रचना करायचा, प्रत्येकीला तपासायचा, गुण द्यायचा आणि चांगल्या रचनांमधून आणखी नव्या काढायचा. सावली वाढली की वारा घटायचा, वारा वाढला की दुकानं मागे पडायची. हजारो रचनांमधून जी सगळ्या बाजूंनी बरी निघाली, ती चादरीवर होती.

त्या रचनेत साधनाबाईची खानावळ फाटकाजवळ आली होती. बसस्थानकाकडून येणाऱ्या माणसाला पहिली तीच दिसणार, म्हणजे गिऱ्हाईकाच्या दृष्टीने सोनंच. घर मात्र चौकाच्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टचं.

सोमवारपासून जिनिंगमध्ये दुसरा विषय नव्हता. सायकलवाला मदनसिंग रोज दुपारी तिच्याकडे जेवायचा, तो आला नाही. येताना-जाताना मात्र तिला ऐकू जाईल असं बोलायचा, "एका बाईपायी साऱ्यायचं काम अडते काय बाप्पा!" शेजारची बेबीताई ब्लाउज शिवायची. ती साधनाबाईची जिवाची मैत्रीण, पण तिनेही मशीन थांबवून विचारलं, "तुह्या मनात हाय तरी काय? मले सांग. माह्ये गुडघे या जिन्यापायी गेले वं, मले लिफ्ट पाह्यजे."

साधनाबाईने तिलाही काही सांगितलं नाही.

तिचा नवरा राजू एसटीत ड्रायव्हर. तो मुक्कामाची गाडी घेऊन परतला तेव्हा त्याला आगारातच बातमी कळली होती. हातपाय धुऊन तो पाटावर बसला आणि हळूच म्हणाला, "तू काहून अडून राह्यली थे सांगून टाक ना लोकायले."

"काय सांगू? मामाजीले मोरीत न्या लागते, त्यायले चड्डी-धोतर द्या लागते, हे गोदामात उभी राहून सांगू?"

राजूने ताट पुढे ओढलं. त्याच्या वडिलांचा, रामरावांचा, दोन्ही डोळ्यांचा उजेड काचबिंदूनं गेला त्याला आता सहा वर्षं होत आली होती. दृष्टी गेल्यानंतर एकदा ते बाहेरच्या लाकडी जिन्यावरून पडले. जिना कसला, शिडीच ती. कमरेचं हाड वाचलं, पण साधनाबाईच्या मनात भीती बसली ती कायमची. त्या दिवसापासून तिने त्यांना खाली येऊ दिलं नाही. जेवण वर, चहा वर, दाढीला न्हावी वर. खानावळ बरोबर त्यांच्या खोलीखाली होती आणि मधे फळ्यांची जमीन. त्यांना काही लागलं की ते काठी आपटायचे. ती गॅस बारीक करून वर धावायची. असं दिवसातून कितीदा व्हायचं ते तिने कधी मोजलं नव्हतं.

त्या आठवड्यात स्नेहा पुन्हा आली. भागवतने तिला आधी आपल्या दुकानात बसवून सांगितलं, "तुमीच समजावा त्यायले, मॅडम. आमचं कोनाचं आयकत नाहीत." पण स्नेहा समजावायला गेली नाही. ती खानावळीत जाऊन बाकावर बसली आणि तिने ताट मागवलं. वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा. जेवणाऱ्यांची गर्दी ओसरेपर्यंत ती बसून राहिली.

"काकू," ती मग म्हणाली, "मी तुमाले मनवाले नाही आली. तुमचं नाही कशापायी हाय थेवढं मले समजू द्या."

ती केनवडच्या बोलीत बोलली म्हणून असेल किंवा तिने ताटातला ठेचा पुसून खाल्ला होता म्हणून असेल, साधनाबाई तव्यापाशीच खाली बसली. "तुह्यं काही चुकलं नाही, पोरी. नकाशा चांगलाच हाय. पन..."

इतक्यात वरून ठक ठक झालं. साधनाबाई बोलता बोलता उठली, माठातून तांब्या भरला आणि जिन्याकडे पळाली. परत आली तेव्हा तिला धाप लागली होती.

"हे असं हाय," ती म्हणाली. "तुह्या नकाशात मी फाटकापाशी अन मामाजी तिकडं तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट हाय, मले मालूम हाय. पन काठीचा आवाज लिफ्टीतून येते काय? अन खानावळ सोडून मी घरी बसली तं चालन कसं?"

स्नेहा वर पाहत राहिली. फळ्यांच्या फटींतून थोडी धूळ खाली आली होती. "मी आबाजीले भेटू काय?"

"कायले?"

"घर त्यायचंही हाय ना."

साधनाबाईला ते आवडलं नाही. म्हाताऱ्या माणसाला नकाशे दाखवून काय करणार? पण नाही म्हणायला कारणही सुचेना. ती पुढे झाली.

रामराव खाटेवर ताठ बसले होते. अंगात धुतलेली बंडी, गळ्यात तुळशीची माळ. खोली स्वच्छ होती, औषधं हाताला लागतील अशी मांडलेली, भिंतीच्या कडेने मोरीपर्यंत धरायला दोरी बांधलेली. साधनाबाईने सगळं जीव लावून केलं होतं, ते दिसतच होतं. स्नेहाने आपलं नाव, गाव सांगितलं. केनवडच्या बाजाराबद्दल दोन वाक्यं झाली. मग तिने सरळ विचारलं, "आबाजी, नव्या जिनिंगमधे तुमाले घर कुठं पाह्यजे?"

म्हातारा बराच वेळ बोललाच नाही. साधनाबाईला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. ती पुन्हा सांगायला गेली तर त्यांनी हात वर केला.

"आयकलं मी. मले आतापावतर कोनी पुसलंच नव्हतं, म्हनून इचार करून राह्यलो." मग ते म्हणाले, "खाली पाह्यजे."

"खाली म्हनजे?"

"जमिनीवर. खानावळीच्या बाजूले. मले वर नाही राहाचं."

"मामाजी!" साधनाबाईचा आवाज चढला. "पडले होते ना तुमी! खाली गाड्या, लोकायची ये-जा, उकळतं तेल..."

"पडलो होतो. जिना वाईट होता म्हनून पडलो. तू जिन्याले काही म्हनलं नाही, मलेच बसवून ठेवलं."

ते रागाने बोलले नव्हते. त्यामुळेच तिला ते जास्त लागलं. रामराव पुढे बोलत होते, स्नेहाकडे नाही, तिच्याचकडे तोंड करून. "सूनबाई, तुनं माह्यं जे केलं थे पोटची पोर करत नाही. पन आयक. हे खानावळ मी अन तुह्या सासूनं, गोजराबाईनं, उभी केली. जिनिंगचे शंभर मानसं जेवत. मी दारात बसो अन एकएकाले नावानं हाक देओ. आता खालून वासही येते, आवाजही येते, पन कोन काय बोलून राह्यला थे समजत नाही. नुसता गलबला. मी खानावळीच्या डोक्यावर बसलो हाव अन मले थिच्यात पाय ठेवाले भेटत नाही."

"मंग बोलले काहून नाही इतक्या दिवस?"

"तू धावत-पयतच ये अन धावत-पयतच जाय. तुले अजून काय सांगाचं?"

साधनाबाई खिडकीकडे वळली. तिला रडू येत होतं आणि हसूही. सहा वर्षं ती ज्यांच्यासाठी जिना चढत होती, त्यांना जिन्याच्या वर राहायचंच नव्हतं. आणि तिच्यासाठी म्हणून ते गप्प बसले होते.

खाली आल्यावर स्नेहाने लॅपटॉप उघडला. "काकू, मी संगनकाले पहिलीच अट दिली व्हती, खाली दुकानं, वर घरं. सारेच तसंच म्हनले व्हते, मलेही तसंच वाटलं. आता थे अट काढून पाह्यतो. पन निघनच असं नाही सांगता येत."

"नाही निघालं तं?"

स्नेहाने खरं सांगितलं. "तं तुमालेच पुन्हा इचार करा लागन."

जायच्या आधी ती त्या दिवशी घरोघर फिरली. प्रत्येक दारात तिने घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाशी बोलणं केलं. बेबीताईने लिफ्टचा हट्ट धरलेलाच होता, पण खाली घर मिळू शकेल म्हटल्यावर ती मशीनवरून उठून उभीच राहिली. "असं असते काय? मंग कोनाले पाह्यजे लिफ्ट!" आणखीही काही घरं तशीच निघाली.

नंतरचे दिवस साधनाबाईला जड गेले. आधी ती फक्त अडवणारी होती. आता मागणारीही झाली होती. भागवत एकदा दारात येऊन सांगून गेला, "वहिनी, तुमच्यासाठी दम धरला हाय. पन पावसाळ्याच्या आत काम लागलं नाही तं दुसरी भिंत बसन." तो धमकी देत नव्हता. त्याला खरंच झोप नव्हती, ते त्याच्या डोळ्यांवर दिसत होतं. त्यामुळे तिला त्याचा राग धरता येईना.

नागपूरला स्नेहाचंही जमत नव्हतं. ती रोज फोन करून सांगायची, लपवायची नाही. घरं खाली आणली की दुकानं चौकातून बाहेर ढकलली जात. दुकानं सांभाळली की खालच्या घरांना उजेड मिळेना. एकच जागा उरत होती: पश्चिमेची मागची पट्टी, जी गाड्या लावायला ठेवली होती. खानावळीची मागची बाजू नेमकी तिलाच लागून होती. दुकानदार गाड्या बाहेर रस्त्याकडेला लावून चार पावलं चालायला तयार होते, भागवतने ते सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. पण त्या पट्टीवर दुपारनंतरचं ऊन सरळ यायचं. संगणक सांगत होता, मे महिन्यात त्या खोल्या भट्टी होतील.

"म्हाताऱ्यायले भट्टीत कसं टाकू, काकू?" स्नेहा फोनवर म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. साधनाबाईने त्या दिवशी पहिल्यांदा तिलाच धीर दिला. "जेवली काय तू? आधी जेव. मंग पाह्यजो."

शुक्रवारी साधनाबाई भाजीबाजारात वांगी निवडत होती तेव्हा फोन वाजला.

"काकू, निघालं!"

"काय निघालं?"

"रचना! सरकीच्या गोदामाची भिंत हाय ना, थे जाडजूड, पश्चिमेची? थे पाडाच्या यादीत मीच टाकली व्हती. संगनक थिले मलबा समजून राह्यला व्हता. आज थे उभी ठेवून पाह्यली. भिंतीची सावली दुपारपासून त्या खोल्यायवर पडते. मधात गल्ली, गल्लीत वारा. बाकीचे गुण पहिल्यापेक्षा थोडेसेच कमी आले, अन सावलीचे तं वाढले!"

साधनाबाईला अर्धंच कळलं. पण पोरीचा आवाज कळला. तिने वांगी तशीच टोपलीत ठेवली आणि भाजीवालीच्या पोत्यावर बसून घेतलं. भाजीवाली घाबरून म्हणाली, "काय झालं वं बाई? कोनी गेलं काय?"

"नाही," साधनाबाई म्हणाली. "कोनी गेलं नाही. सारं बरं झालं."

दुसरी सभा पुन्हा गोदामातच होती. लोक जमत होते तेव्हा रामराव वर खाटेवर टोपी घालून बसले होते. "मीबी येतो," एवढंच त्यांनी सांगितलं होतं. साधनाबाईने जिन्याकडे पाहिलं आणि तोंडातून 'नाही' निघणार तोच तिने ओठ मिटले. राजू त्या दिवशी सुटीवर होता. तो खुर्ची घेऊन वर गेला, पण एकट्याला ते झेपणारं नव्हतं. तो जिन्याच्या तोंडाशी उभा राहून कोणाला हाक मारावी याचा विचार करत होता, तेवढ्यात मदनसिंग हातावरचं ग्रीस पुसत वर आला.

"सरका," तो म्हणाला. "मी धरतो खालून."

दोघांनी म्हाताऱ्याला खुर्चीसकट खाली आणलं. अंगणात टेकल्याबरोबर रामरावांनी पायातल्या चपला काढल्या आणि दोन्ही तळवे जमिनीवर ठेवले. मदनसिंग साधनाबाईजवळ येऊन खालमानेनं म्हणाला, "भाभी, मले मालूम नव्हतं. सांगा लागत होतं ना."

"चुकलंच माह्यं," ती म्हणाली. "उद्या जेवाले ये."

चादरीवर नवी रचना आली. चौक तोच, वेली त्याच. मागे जुन्या भिंतीच्या सावलीत खालच्या खोल्यांची रांग, प्रत्येकीला दोन दारं. एक गल्लीत, एक पुढच्या दुकानात. स्नेहाने सूर्य फिरवून दाखवला. सकाळ झाली, दुपार झाली, सावली सरकत सरकत खोल्यांवर आली. लोक नवलाने पाहत होते. रामरावांना काही दिसत नव्हतं, म्हणून बेबीताई त्यांच्या कानाशी सांगत होती, "आता दुपार झाली, मामाजी. आता सावली आली तुमच्या दारात."

"पानी?" रामरावांनी विचारलं. "पावसाचं पानी खोलीत तं येनार नाही?"

"नाही आबाजी," स्नेहा म्हणाली. "जोतं उंच हाय अन उतार विहिरीकडं. दारात पायरी नाही, हलका चढ हाय. हाताले कठडा."

"मंग बरं हाय," रामराव म्हणाले. जणू सगळ्यांच्या वतीने निकाल दिला.

भागवतने विचारायच्या आधीच साधनाबाईचा हात वर गेला होता. भागवतने एक लांब श्वास सोडला आणि टोपी काढून डोकं खाजवलं. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. गोदामाबाहेर चहा ठेवलेला होता. तो त्या दिवशी पुरला नाही, पुन्हा टाकावा लागला.

काम एकदम सगळ्या जागेवर झालं नाही. एक चाळ पाडली, तिथली माणसं दुसरीत दाटीवाटीने राहिली, खानावळ अंगणात पत्र्याखाली चालली. धूळ, आवाज, पाण्याची ओरड, सगळं झालं. दोन उन्हाळे गेले. पण जिनिंग सोडून कोणाला जावं लागलं नाही, आणि फळ्यांची ती खोली गेली तेव्हा तिच्यासाठी कोणी हळहळलंही नाही.

रामराव आता सकाळी अंघोळ करून आपल्या पायाने खानावळीत येतात आणि दाराजवळच्या बाकावर बसतात. कोण आलं ते आवाजावरून ओळखतात, चुकलं तर गिऱ्हाईकच दुरुस्त करतं. कोणाला भाकरी, कोणाला पोळी, ते आत ओरडून सांगतात. साधनाबाईला सुरुवातीला दर थोड्या वेळाने वळून पाहायची सवय होती. ती हळूहळू गेली.

या मे महिन्यात तिच्या भाच्याच्या मुलाचं बारसं निघालं, किन्हीराजाला, तिच्या माहेरी. सासऱ्यांची दृष्टी गेल्यापासून ती तिथे सकाळी जाऊन संध्याकाळी परतायची. या वेळी बेबीताईने खानावळ अंगावर घेतली आणि तिला दोन दिवसांची पिशवी भरायला लावली. बारसं झालं, जेवणं झाली. दुपारी तिने न राहवून फोन लावला.

"मामाजी, जेवले काय? औषध घेतलं?"

मागे ताटांचा आवाज येत होता, कोणीतरी वरण मागत होतं. "घेतलं, घेतलं," रामराव घाईने म्हणाले. "यवतमाळची गाडी आली, लय गर्दी हाय. मंग बोल. ठेवतो."

फोन बंद झाला. साधनाबाईने फोन पिशवीत टाकला. मग वहिनीने पडवीत टाकलेल्या सतरंजीवर आडवी झाली. वहिनी पान लावून घेऊन आली तोवर तिला गाढ झोप लागली होती. वहिनीने तिला उठवलं नाही.